चाकरी कुणाची : औरंगाबाद, १८५७



आज इथे येताना तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी क्रांती चौक ओलांडला असेल. वर उड्डाणपूल, मधोमध शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा, अदालत रोडकडे वळणाऱ्या रिक्षा आणि कडेला कुणाचा ना कुणाचा मांडव. या शहरात मोर्चा काढायचा म्हटले की जमायचे कुठे हे विचारावे लागत नाही. ९ ऑगस्ट २०१६ चा पहिला मराठा क्रांती मोर्चा, तो मूक मोर्चा, निघाला तोही इथूनच. पण हा चौक ज्यांच्यामुळे क्रांतीचा झाला त्यांच्याविषयी विचारून बघा. उत्तर 'काळा चबुतरा' या दोन शब्दांपाशी येऊन थांबते. १८५७ मध्ये शिपायांनी बंड केले, इंग्रजांनी त्यांना इथे मारले, झाले. ते शिपाई कोण होते, कुणाचे होते, भांडले कशावरून, आणि त्यांच्या भांडणाने पुढे काय काय हलले, हे आपण कुणी एकमेकांना सांगत नाही. इतिहासाच्या जाड ग्रंथांतही औरंगाबादला दीड-दोन पाने मिळतात, तीही मीरत-दिल्ली-कानपूर-झाशी उरकल्यावर.

मी आज बव्हंशी त्या एकाच वर्षात राहणार आहे. सुरुवात मात्र पगारापासून करतो, कारण माझ्या मते या बंडाचे मूळ तिथे आहे.

खाम नदीच्या पलीकडे छावणीत जी फौज होती तिचे नाव हैदराबाद कंटिन्जंट. फौज नावाने निजामाची. अधिकारी सगळे इंग्रज. हुकूम निजामाच्या दरबारातल्या इंग्रज रेसिडेंटचा. १८१३ च्या सुमारास रेसिडेंट हेन्री रसेलने हैदराबादेत जी 'रसेल ब्रिगेड' उभी केली तिथून हा प्रकार वाढत गेला. खर्च निजामाने भरायचा, फौज इंग्रजांनी वापरायची. निजामाचा खजिना रिकामा, म्हणून पगारासाठी कर्ज, कर्जावर व्याज, आणि व्याज थकले की तगादा. शेवटी २१ मे १८५३ ला निजाम नासिरउद्दौलाकडून तहावर सही घेतली गेली. कंटिन्जंटच्या खर्चापोटी वऱ्हाड, धाराशिव-नळदुर्गचा मुलूख आणि रायचूर दोआब इंग्रजांच्या कारभाराखाली गेला. फौजेचा आकडाही तहात ठरला : निदान ५,००० पायदळ, २,००० घोडदळ आणि चार तोफखाने. म्हणजे वऱ्हाडातल्या काळ्या रानात कापूस पिकवणाऱ्या कुणब्याचा शेतसारा औरंगाबादच्या छावणीत घोड्याच्या चंदीवर खर्च होत होता. सही झाली आणि काही दिवसांतच दिवाण सिराजउल्मुल्क वारले. त्यांच्या जागी त्यांचा चोवीस वर्षांचा पुतण्या आला. तो सालारजंग. त्याच्याकडे पुन्हा येऊ.

आता या घोडदळातल्या सवाराकडे जरा जवळून पाहू. हे घोडदळ शिलेदारी पद्धतीचे होते. सरकार सवाराला घोडा देत नसे. घोडा, खोगीर, तलवार, कपडे सगळे ज्याचे त्याने आणायचे आणि महिन्याला ठरलेली एकरकमी तनखा घ्यायची. त्यातच स्वतःचे पोट, घरचे, घोड्याचा दाणावैरण आणि नालबंदाची मजुरी. रिसाल्यातल्या एका घोड्याच्या जागेला आसामी म्हणत. आसामीला किंमत असे. ती विकता येई, गहाण टाकता येई, बापाकडून मुलाकडे जाई. ज्याच्या नावावर पाच-सहा आसामी, तो मोठा शिलेदार. त्याच्या घोड्यांवर त्याने नेमलेले बारगीर बसत. घोडा मेला की दुसरा घेईपर्यंत आसामी धोक्यात, म्हणून सावकार कायम दाराशी. ज्यांनी पेशव्यांच्या फौजेचे हिशेब वाचले आहेत त्यांना यात नवे काही वाटणार नाही. ही आपलीच जुनी रीत. फरक एवढाच की आता हजेरी इंग्रज कॅप्टन घेत होता.

याचा अर्थ लक्षात घ्या. बंगाल पलटणीतला शिपाई बंदूक टाकून पळाला तर त्याची नोकरी जाई. शिलेदार पळाला तर त्याची इस्टेट जाई. घोडा त्याचा, आसामी त्याची, कधी ती बापाने कर्ज काढून घेतलेली. असा माणूस उगीच भडकत नाही. तो आधी वाटाघाटी करतो. आणि औरंगाबादेत जूनच्या पहिल्या टप्प्यात जे झाले त्याला मी वाटाघाटीच म्हणेन.

१० मे ला मीरतला ठिणगी पडली. सहाच दिवसांनी, १६ मे ला, हैदराबादेत नासिरउद्दौला वारला आणि अफजलउद्दौला गादीवर आला. जुना धनी गेलेला, नवा धनी नुकता बसलेला, दिल्लीत बादशहाच्या नावाने द्वाही फिरलेली, अशा वेळी कंटिन्जंटची पहिली घोडदळ रेजिमेंट मोमिनाबादहून, म्हणजे आपल्या अंबाजोगाईहून, औरंगाबादला आणली गेली. आधी इथे असलेले घोडदळ बाहेर काढलेले. छावणीत बातमी पसरली की आता आपल्यालाही उत्तरेला नेणार.

१२ जूनच्या आसपास सवारांनी उघड बोलायला सुरुवात केली. त्यांचे म्हणणे दोन वाक्यांचे होते. निजामाच्या सरहद्दीबाहेर आम्ही जाणार नाही. दिल्लीच्या बादशहावर हत्यार उचलणार नाही. तहातली कलमे त्यांच्या बाजूने होती असे मी म्हणत नाही. युद्धप्रसंगी ही फौज कशी वापरायची हे इंग्रजांनी १८५३ लाच आपल्या सोयीने लिहून घेतले होते. पण तहावर सवाराची सही नव्हती. त्याच्या डोक्यातला करार निराळा होता : मी निजामाचा चाकर, माझी चाकरी निजामाच्या मुलखात. त्यांचा कॅप्टन ॲबट शहाणा माणूस असावा. त्याने त्या घटकेला त्यांना समजावले, सरहद्दीबाहेर नेणार नाही असे सांगून वेळ मारून नेली. गोऱ्या बायकामुलांना नगरला धाडले गेले, अधिकाऱ्यांनी मेसच्या इमारतीत मोर्चेबंदी केली. पायदळ आणि तोफखाना शांत होते. दहा-बारा दिवस छावणी अशी अर्धवट तणावात राहिली. या काळात सवारांनी एकाही अधिकाऱ्याला मारले नाही, खजिना लुटला नाही, शहरात जाळपोळ केली नाही. मीरतच्या शेजारी ही गोष्ट ठेवून बघावी.

तिकडे ८ जूनला पुण्याहून मेजर जनरल वुडबर्न निघाला होता. त्याच्याबरोबर चौदाव्या लाइट ड्रॅगून्सचे गोरे घोडेस्वार, कॅप्टन वूलकोंबचा तोफखाना आणि मुंबई फौजेची पंचविसावी नेटिव्ह इन्फन्ट्री. त्याला जायचे होते महूला. इंदूर-महू शांत ठेवायचे आणि मुंबई-आग्रा रस्ता मोकळा ठेवायचा, हे त्याचे काम. औरंगाबादची बातमी कळली आणि ही फौज इकडे वळवली गेली. २३ जूनला ती छावणीत येऊन थडकली.

पुढचा प्रसंग अर्ध्या-पाऊण तासाचा आहे. घोडदळाला पायउतार परेडचा हुकूम झाला. समोर तोफा, बाजूला ड्रॅगून्स. ॲबटने यादीतली नावे पुकारायला सुरुवात केली; ज्यांची नावे येतील त्यांना वेगळे काढून हत्यारे खाली ठेवायला लावायची होती. जमादार अमीर खान याचे नाव आले. तो पुढे झाला आणि जागच्या जागी बोलला की हे खोटे आहे, हा अन्याय आहे, आणि सोबत्यांना बंदुका भरायला सांगितले. त्याबरोबर रांग मोडली. सवार घोड्यांकडे धावले. तोफा लगेच डागता येईनात, कारण निष्ठावंत आणि बंडखोर एकाच मैदानात मिसळलेले. तोफा सुरू झाल्या तोवर बरेच जण घोड्यावर मांड टाकून निसटले होते. ड्रॅगून्सनी पाठलाग केला. ते जाडजूड घोडे दख्खनी तट्टांच्या मागे कितीसे धावणार? दफेदार मीर फिदा अली याने ॲबटवर गोळी झाडली होती. ती लागली नाही. त्याच्यावर जागेवरच लष्करी कोर्ट बसले आणि त्याला फाशी झाली.

नंतर खटल्यांची रांग लागली. काहींना गोळ्या घातल्या, काहींना तोफेच्या तोंडी दिले, काहींना काळे पाणी, काहींना नुसते हाकलले. ज्यांची हत्यारे गेली त्यांचे घोडेही गेले. काळा चबुतरा म्हणून शहर जे सांगते ते या दिवसांतले.

इथे बहुतेक लेखक औरंगाबादचे प्रकरण संपवतात. मला ते इथून खऱ्या अर्थाने सुरू होते असे वाटते.

वुडबर्न महूला जायला निघाला होता हे विसरू नका. २४ जूनला तो निघू शकत होता. निघाला नाही. कैदी पुष्कळ, कोर्टासाठी अधिकारी अपुरे, खटले निकाली काढल्याशिवाय जाणे धोक्याचे, असे तो कळवत राहिला. मुंबईचा गव्हर्नर लॉर्ड एलफिन्स्टन त्याला लिहीत राहिला की कैद्यांची सोय लावा आणि पुढे चला. इंदूरला कर्नल ड्युरांड बसला होता. पुण्याची फौज येत आहे, आली, पोहोचतेच आहे, या एका बातमीवर तो होळकरांचा दरबार आणि महूची पलटण धरून होता. जूनच्या अखेरीस फौज औरंगाबादेत अडकल्याचे त्याला कळले. त्याला कळलेली गोष्ट इंदूरच्या बाजारात फार काळ लपणार नव्हती. १ जुलैला इंदूरच्या रेसिडेन्सीवर हल्ला झाला, ड्युरांड सिहोरकडे निघून गेला आणि त्याच रात्री महूची छावणी उठली.

इंग्रज इतिहासकार मॅलेसन याबद्दल वुडबर्नला चांगलेच धारेवर धरतो. मला हिशेब थोडा वेगळा दिसतो. पुढे वुडबर्न आजारी पडला, ब्रिगेडियर स्टुअर्टने ८ जुलैला सूत्रे घेतली, १२ जुलैला कूच केले आणि भर पावसात २२ ला असीरगड गाठला. दहा दिवस. महूला पोहोचायला २ ऑगस्ट उजाडला. म्हणजे २४ जूनला निघूनही ही फौज १ जुलैला महूत असणे शक्य नव्हते. फार तर तापीच्या आसपास असती. तेव्हा वुडबर्नच्या हजेरीने काही फरक पडला असता असे नाही, पण निघाल्याच्या बातमीने पडला असता. ही बातमी औरंगाबादच्या सवारांनी अडवली. आपण काय अडवत आहोत याची त्यांना कल्पनाही नसेल. निजामाच्या हद्दीबाहेर जाणार नाही म्हणणाऱ्यांनी हद्दीबाहेरच्या माळव्यात बंडाला आठवडाभराची मोकळीक मिळवून दिली.

दुसरा धागा दक्षिणेकडे जातो. निसटलेल्यांपैकी जमादार चिदा खान काही सोबत्यांसह थेट हैदराबादला गेला. कुठे जाणार? आपण निजामाचे चाकर, निजामाच्या दारात न्याय मिळेल, हा त्याचा सरळ हिशेब. सालारजंगने त्याला पकडले आणि रेसिडेंट कर्नल डेव्हिडसनच्या हवाली केले. चाकरी कुणाची, या प्रश्नाला दरबाराने दिलेले हे उत्तर. शहर त्यावर पेटले. १७ जुलै, शुक्रवार. मक्का मशिदीतल्या नमाजानंतर गर्दी जमली आणि तुर्रेबाज खान व मौलवी अलाउद्दीन यांच्या पुढारपणाखाली सुमारे ५०० रोहिले आणि शहरवासी रेसिडेन्सीवर चालून गेले. चिदा खान आणि त्याच्या माणसांना सोडा, ही मागणी. रेसिडेन्सीसमोरची दोन घरे, अब्बन साहेब आणि जयगोपालदास या सावकारांची, त्यांनी धरली आणि तिथून रात्रभर गोळीबार केला. आतून तोफा चालल्या. सकाळ होईतो हल्ला मोडला. कोठी भागातली रेसिडेन्सीची ती इमारत पुढे मुलींच्या कॉलेजची झाली, हैदराबादला गेलात तर जरूर बघा. अलाउद्दीन अंदमानात गेला, तिथेच वारला. तुर्रेबाज खान पकडला गेला, जन्मठेप झाली, जानेवारी १८५९ मध्ये तुरुंगातून निसटला आणि आठवड्याच्या आत तुप्रानच्या बाजूला मारला गेला.

या हल्ल्याची गोष्ट हैदराबादेत सांगतात तेव्हा औरंगाबाद त्यात नसते. आपण आपली गोष्ट सांगतो तेव्हा हैदराबाद नसते. एकाच रेजिमेंटच्या भांडणाची ही दोन टोके आहेत.

सालारजंगबद्दल आपल्याकडे दोनच मते ऐकू येतात : एक गद्दार, दुसरे थोर मुत्सद्दी. तो अठ्ठावीस वर्षांचा होता, धनी नवा होता, खजिना त्याने चार वर्षांत जेमतेम रुळावर आणला होता. निजाम गेला तर सारेच गेले, अशा अर्थाची एलफिन्स्टनची तार प्रसिद्ध आहे. तेव्हा आपले वजन किती आहे हे सालारजंगलाही ठाऊक असणार. ते वजन त्याने इंग्रजांच्या पारड्यात टाकले. रियासत वाचली. मला त्याचा हिशेब कळतो. पण चिदा खानला पकडून देणे हा त्या हिशेबातला सर्वांत स्वस्त सौदा होता, आणि तो त्याने फार पटकन केला.

आता आजूबाजूला एक नजर टाकू, कारण त्या वर्षी चाकरीचा प्रश्न फक्त छावणीत नव्हता. वऱ्हाडात फौज उरली नव्हती, म्हणून नळदुर्गला कारभार पाहणारा मेडोज टेलर ऑगस्टमध्ये बुलढाण्याला पाठवला गेला. 'कन्फेशन्स ऑफ अ ठग' लिहिणारा तोच हा, पुढे तुळजापूरची पार्श्वभूमी घेऊन 'तारा' लिहिणारा. सैन्य देता येत नाही, पापण्यांच्या जोरावर तग धरून राहा, असे डेव्हिडसनने त्याला सांगितले होते, आणि त्याने तग धरला. गोदावरीच्या वरच्या अंगाला, सिन्नरच्या मुलखात, भागोजी नाईक. हा पूर्वी नगरच्या पोलिसात नोकरीला होता. १८५५ मध्ये दंगा आणि पोलिसांना अडथळा केल्याबद्दल शिक्षा भोगून आला, तर पुढे चांगल्या वर्तणुकीचा जामीन मागितला गेला. पुन्हा चाकरी नाही आणि वर जामीन. तो गाव सोडून माणसे घेऊन डोंगरात बसला. ४ ऑक्टोबर १८५७ ला नांदूर शिंगोट्याजवळ पोलीस सुपरिंटेंडेंट लेफ्टनंट हेन्री त्याच्यावर चालून गेला आणि मारला गेला. त्यानंतर दोन वर्षे नगर-नाशिकच्या पोलिसांची झोप उडालेली होती. नोव्हेंबर १८५९ मध्ये मिठसागरला फ्रँक सूटरने भागोजीला गाठले, तेव्हा कुठे ते प्रकरण मिटले.

औरंगाबादहून निघालेल्या फौजेचे काय झाले तेही सांगायला हवे. स्टुअर्टची ती तुकडी धार, मंदसौर करत सर ह्यू रोजच्या सेनेची पहिली ब्रिगेड झाली. ३ एप्रिल १८५८ ला झाशीच्या तटाला पडलेल्या खिंडारातून जे आत घुसले त्यांत पंचविसावी मुंबई नेटिव्ह इन्फन्ट्री होती. तीच, जी २३ जूनला आपल्या छावणीत तोफांशेजारी उभी होती. मुंबई फौजेत कोकणातले आणि देशावरचे शिपाई पुष्कळ असत. झाशी पडली तेव्हा वरसईचे विष्णुभट गोडसे शहरातच होते. 'माझा प्रवास' वाचलेल्यांना पुढचे सांगायला नको. तटाच्या आत मराठी, तटावर चढणारेही मराठी, हे आपल्या सत्तावनच्या व्याख्यानांतून सहसा गाळले जाते. ॲबटही त्या मोहिमेत होता, हैदराबाद कंटिन्जंटचे घोडदळ घेऊन. ज्यांनी हद्दीबाहेर जायला नकार दिला ते चबुतऱ्यावर गेले. ज्यांनी दिला नाही ते बेटवा, कुंच, काल्पी आणि ग्वाल्हेरला गेले, आणि रेजिमेंटला 'सेंट्रल इंडिया' हा रणसन्मान मिळाला.

१८६० च्या तहात निजामाला त्याच्या निष्ठेचे मोल मिळाले. पन्नास लाखांचे कर्ज माफ, धाराशिव आणि रायचूर दोआब परत, वर शोरापूरचे संस्थान. वऱ्हाड मात्र परत आले नाही, कारण कंटिन्जंटचा पगार कुठून तरी द्यायचा होता. सालारजंग मरेपर्यंत, म्हणजे १८८३ पर्यंत, वऱ्हाड मागत राहिला. इंग्रज नाही म्हणत राहिले. शेवटी १९०२ च्या करारात वर्षाला पंचवीस लाख रुपये देऊन वऱ्हाड कायमच्या भाडेपट्ट्याने इंग्रजांकडे गेले, आणि पुढच्याच वर्षी मध्य प्रांताला जोडले गेले. मराठवाडा आणि वऱ्हाड हे शेजारी पुन्हा एका राज्यात यायला १९५६ उजाडले. मराठवाड्याच्या आणि विदर्भाच्या अनुशेषावर आजही आपण तावातावाने बोलतो. त्या दोघांची ताटातूट घोडदळाच्या तनख्यापायी झाली, हे त्या चर्चेत मी कधी ऐकलेले नाही.

कंटिन्जंट १९०३ मध्ये हिंदी फौजेत विलीन झाली आणि पहिल्या रेजिमेंटचे नाव झाले ट्वेंटिएथ डेक्कन हॉर्स. १४ जुलै १९१६ ला फ्रान्समध्ये, सोमच्या लढाईत, हाय वूडजवळच्या उभ्या पिकातून भाले रोखून जर्मन मशीनगनवर जी घोडदळाची धाव झाली तीत हीच रेजिमेंट होती. पुढे घोडे गेले, रणगाडे आले. सप्टेंबर १९६५ मध्ये असल उत्तरला पाकिस्तानी पॅटन रणगाड्यांसमोर जुने शर्मन रणगाडे घेऊन उभी राहिलेली डेक्कन हॉर्स तीच. रेजिमेंटचा रणसन्मान आणि आपल्या चौकाचे नाव, दोन्ही एकाच रिसाल्याची देणगी आहेत : एक जे गेले त्यांच्यामुळे, दुसरे ज्यांनी जायला नकार दिला त्यांच्यामुळे. चौकात आपण अमीर खान आणि मीर फिदा अली यांच्याबरोबर या रेजिमेंटचे नावही लिहावे, अशी माझी महापालिकेला सूचना आहे. या व्याख्यानमालेच्या संयोजकांनी ती लेखी पाठवावी; सही करायला मी तयार आहे.